बशीपाशी येऊन परत जाणारी मनी

आमच्या मनीने चौदाव्या वर्षी बांगडा खायचं सोडलं. बशीपाशी यायची, हुंगायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि जिन्यावर जाऊन बसायची. "लाडावून ठेवलीयेस तू तिला," आई म्हणाली. "एक दिवस उपाशी राहू दे, झक मारून खाईल."

हा सल्ला माणसाच्या पोरांना कदाचित चालेल, मांजरांना नाही. मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस अन्न गेलं नाही की शरीर चरबी वितळवून यकृताकडे पाठवू लागतं. तिथे ती खपत नाही, साचत जाते. त्यातून यकृत निकामी होऊ शकतं, आणि लठ्ठ मांजराला हा धोका सगळ्यात जास्त. म्हाताऱ्या मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठावा. मनीच्या बाबतीत मागची एक दाढ खराब झालेली निघाली. आम्ही ज्याला नखरे म्हणत होतो ती ठणक होती.

दाढेइतकंच नाकही महत्त्वाचं. मांजराच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम पावणेपाचशे, आपल्याकडे हजारोंनी. गोड तर त्याला कळतच नाही. गोडी ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन भागांचा असतो आणि त्यातल्या एकाचं जनुक मांजरात बिघडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. मनी शिऱ्याभोवती घुटमळते ती तुपासाठी. खायचं की नाही, हे मांजर आधी वासावर ठरवतं. वय झालं की वास कमी येतो, आणि फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला तर वास असतोच किती? म्हाताऱ्या मांजरांपुढे एकच अन्न ६, २१ आणि ३७ अंशांवर ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांनी ३७ अंशांचं पसंत केलं. नुकत्याच मारलेल्या उंदराच्या अंगाची ऊब साधारण तेवढीच. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की काम होतं.

पण खाल्लं म्हणजे पोषण झालं असं नाही. मांजराला टॉरिन नावाचं मांस-मासळीतलं पोषकद्रव्य हवं असतं आणि ते त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन यांच्या गटाने दाखवलं की तयार खाद्यावर वाढलेल्या काही मांजरांचं हृदय टॉरिन कमी पडल्याने फुगून दुबळं झालं होतं. टॉरिन दिल्यावर ते सुधारलं, आणि पुढे खाद्य बनवण्याची पद्धतच बदलली. आपल्या घरी काय होतं? चिकन उकडायचं, पाणी मोरीत ओतायचं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणजे तेही मोरीत. ते पाणी बशीत वाढावं; फक्त उकडताना कांदा-लसूण घालू नये, त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य असतं. रोज नुसती मासळी किंवा रोज काळीज, दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने बाधतं. दूधभाताविषयी बोलायलाच नको. म्हणून म्हातारपणी 'संपूर्ण आहार' असं छापलेलं ओलं खाद्य मुख्य ठेवावं आणि घरचं वरून, चवीपुरतं.

नवं खाद्य जुन्याशेजारी चमचाभर ठेवावं आणि आठ-दहा दिवसांत, हट्टी मांजर असेल तर महिनाभरात, हळूहळू वाढवावं. इथे एक खाच आहे. मळमळत असताना किंवा दुखत असताना जे समोर आलं, त्याचा मांजराला कायमचा तिटकारा बसू शकतो. मूत्रपिंडाचा विकार म्हाताऱ्या मांजरांत फार दिसतो. त्यासाठीचं कमी फॉस्फरसचं खाद्य नेमकं मांजर आजारी असताना घाईने सुरू केलं, तर ते पुढे बरं वाटल्यावरही त्याला शिवत नाही. औषध चांगल्या खाद्यात लपवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आणि वजन करा. मांजराला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, वजाबाकी करायची. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम गेले तर आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण तो त्याचा दहावा हिस्सा असतो. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासून घ्यावं.

दाढ काढल्यावर मनी पंधरा दिवसांत नीट जेवू लागली. बांगड्याला मात्र तिने पुन्हा तोंड लावलं नाही. दाढ ठणकत होती तेव्हा रोज तोच समोर असायचा.