पॉवरपॉइंटचा ग्रेस्केल आणि प्रिंटरचा ग्रेस्केल: नाव एकच, शाईचा हिशोब वेगळा

स्लाइड्स प्रिंट करायच्या म्हटलं की शाई वाचावी म्हणून बहुतेक जण ग्रेस्केल (रंगांऐवजी राखाडी छटा) करतात, आणि तरीही कधीकधी प्रिंटरमधून काळीकुट्ट पानं बाहेर येतात. मग दोष प्रिंटरला दिला जातो, पण खरी भानगड अशी की ग्रेस्केल दोन ठिकाणी असतो आणि आपण चुकीच्या ठिकाणचा निवडलेला असतो.

फाइल मेनूमधून प्रिंट उघडा. प्रिंटरच्या नावाखाली प्रिंटर प्रॉपर्टीज असतं, त्याच्या आत जो ग्रेस्केल सापडतो तो प्रिंटरचा म्हणजे ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर). आणि त्याच स्क्रीनवर सेटिंग्जमध्ये खाली कलर असं लिहिलेला ड्रॉपडाऊन असतो, त्यातला ग्रेस्केल पॉवरपॉइंटचा. विंडोजवर तरी हे असंच दिसतं.

आता फरक काय, तर ड्रायव्हरला अख्खं पान एका चित्रासारखं मिळतं, त्यातलं बॅकग्राउंड कोणतं आणि मजकूर कोणता हे त्याला काही माहीत नसतं, तो फक्त प्रत्येक रंग तेवढ्याच गडद राखाडीत बदलतो. म्हणजे गडद निळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं असतील तर जवळजवळ काळं पान छापलं जाणार आणि अक्षरं म्हणजे कागदाची उरलेली कोरी जागा. बारीक अक्षरं तर आजूबाजूच्या शाईने बुजतातच. प्रिंटरमध्ये सहसा राखाडी शाई वेगळी नसते, काळ्याच शाईचे बारीक ठिपके कमीजास्त दाट छापून राखाडी दाखवतात, त्यामुळे गडद राखाडी म्हणजे शाई भरपूर गेलीच समजा. टोनरच्या (लेझर प्रिंटरच्या पूडशाईच्या) खोक्यावर जो पानांचा आकडा असतो ना, तो साधारण ५ टक्के भरलेल्या पानाचा हिशोब धरून दिलेला असतो, आणि अशी स्लाइड त्याच्या कित्येक पट टोनर खाते.

पॉवरपॉइंटचं तसं नाही. त्याला माहीत असतं की हे बॅकग्राउंड आहे, हा मजकूर आहे, हा फोटो आहे. म्हणून तो छपाईपुरतं बॅकग्राउंड पांढरं करतो आणि पांढरी अक्षरं काळी करतो. फाइलमधले रंग जसेच्या तसे राहतात, प्रोजेक्टरवर दाखवताना काही बदलत नाही. शाईची खरी बचत इथे होते!

पण एक अडचण आहे आणि ती फार जणांना कळत नाही. बऱ्याच स्लाइड्समध्ये दिसायला जे बॅकग्राउंड असतं ते खरं बॅकग्राउंड नसतंच, कोणीतरी पूर्ण स्लाइडभर एक मोठा रंगीत चौकोन काढून मागे पाठवलेला असतो. पॉवरपॉइंटसाठी तो एक साधा आकार, तो राखाडीत छापणारच. अशा वेळी व्ह्यू टॅबमध्ये जाऊन ग्रेस्केल निवडा, त्या चौकोनावर क्लिक करा आणि वर जे पर्याय येतात त्यातला व्हाइट किंवा डोन्ट शो निवडा, मग बॅक टू कलर व्ह्यू करून बाहेर या. मला हा भाग सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण सजावटीच्या पट्ट्या, कोपऱ्यातले लोगो, असं सगळं फक्त छपाईतून काढता येतं आणि रंगीत स्लाइडला धक्का लागत नाही.

त्याच ड्रॉपडाऊनमध्ये प्युअर ब्लॅक अँड व्हाइट पण दिसेल. तो आणखी एक पाऊल पुढे जातो, आकारांच्या आतली राखाडीही काढून टाकतो आणि नुसती काळी बाह्यरेषा ठेवतो. नुसता मजकूर असेल तर हाच वापरा. आकृतीत रंगांवरून अर्थ लागत असेल तर मात्र वापरू नका, सगळे चौकोन सारखेच पांढरे दिसतील.

मग ड्रायव्हरचा ग्रेस्केल बिनकामाचा का? अजिबात नाही. इंकजेट प्रिंटर असेल तर राखाडी बनवताना तो रंगीत शायाही मिसळू शकतो, पॉवरपॉइंटमध्ये ग्रेस्केल केलेलं असलं तरी. काही प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये फक्त काळी शाई वापरा अशा अर्थाचा पर्याय मिळतो, तो तिथूनच लावावा लागतो. थोडक्यात कागदावर काय छापायचं ते पॉवरपॉइंटमध्ये ठरवा आणि कोणत्या शाईने छापायचं ते ड्रायव्हरमध्ये.

पीडीएफचं पण बघून ठेवा. रंगीत पीडीएफ बनवून पुढे दिली आणि समोरच्याने प्रिंट करताना ग्रेस्केल केलं तर ते ड्रायव्हरसारखंच झालं, गडद बॅकग्राउंड गडदच येणार, कारण पीडीएफमध्ये ती समज उरलेली नसते. त्यामुळे छापायची पीडीएफ वेगळी बनवा, प्रिंटर म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा आणि पॉवरपॉइंटच्या ड्रॉपडाऊनमधून ग्रेस्केल करा. गूगल स्लाइड्समध्ये प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये हाइड बॅकग्राउंड असतं, त्यानेही छपाईतून बॅकग्राउंड काढता येतं, आणि मोठ्या चौकोनाची अडचण तिथेही तीच.

प्रिंट दाबायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये एकेक स्लाइड पुढे सरकवून बघा, पण लक्षात ठेवा की त्या प्रिव्ह्यूमध्ये पॉवरपॉइंटचा ग्रेस्केल दिसतो, ड्रायव्हरने आत काय केलंय ते सहसा दिसत नाही, त्यासाठी आधी सगळ्यात गडद स्लाइडचं एकच पान काढून बघा.