अँप्लिफायर, मोटारीतील : निवड व जोडणी

मोटारीच्या म्युझिक सिस्टीममध्ये स्टिरिओकडून आलेला क्षीण ध्वनिसंकेत स्पीकर हलवण्याइतका सशक्त करणारे उपकरण. बाहेरून ही ॲल्युमिनियमची चपटी, खाचाखाचांची पेटी असते. ती बहुधा पुढच्या सीटखाली किंवा डिकीत बसवतात. खरेदीच्या वेळी सगळी चर्चा वॅटवर होते. प्रत्यक्षात आवाज बिघडतो किंवा सुधारतो तो बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत वीज कशी पोचते यावर.

स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागले की सुमारे ५२ वॅट येतात, पण तेवढे मिळण्यासाठी ध्वनिलहरीचे माथे पूर्ण सपाट कापले जावे लागतात. तेव्हा ऐकू येते ते गाणे नसते, फाटलेला आवाज असतो. माथे न कापलेल्या अखंड लहरीसाठी सैद्धांतिक मर्यादा याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट. स्टिरिओतल्या अँप्लिफायर-चिपमधील घट वजा जाता हाती १८ ते २२ वॅट उरतात. स्वतंत्र अँप्लिफायर ही मर्यादा ओलांडतो, कारण त्याच्या आतला वीजपुरवठा बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्ट) आधी वाढवून घेतो. जुन्या, व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) कार रेडिओत हेच काम सतत थरथरणारा यांत्रिक व्हायब्रेटर करी. आता ते ट्रान्झिस्टर करतात.

निवडताना ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅट सोडून द्यावेत आणि आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे सरासरी वॅट पाहावेत. सीटीए-२००६ या अमेरिकी मानकानुसार मोजलेला आकडा असेल तर उत्तम : १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत, अशी त्याची अट आहे. शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. म्हणून ५० ऐवजी १०० वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे पुढच्या दारांचे स्पीकर आणि दारांच्या पत्र्याचे डॅम्पिंग (थरथर शोषणारा थर) यांवर घालणे बहुतेक गाड्यांत शहाणपणाचे ठरते. चार दारांसाठी चार चॅनलचा (चॅनल म्हणजे एका स्पीकरसाठीचा स्वतंत्र मार्ग) आणि फक्त खोल बास वाजवणाऱ्या सबवूफर स्पीकरसाठी मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अँप्लिफायर घ्यावा; किंवा चार चॅनलच्याच मागच्या दोन चॅनल ‘ब्रिज’ करून, म्हणजे एकत्र जोडून, एक सबवूफर चालवता येतो. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच रोध जाणवतो. त्यामुळे ब्रिजमध्ये किमान ४ ओहम मागणाऱ्या अँप्लिफायरला २ ओहमचा सबवूफर जोडला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. दुहेरी कॉइलच्या सबवूफरमध्ये तर हे हमखास तपासावे : ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकसर जोडल्या की ८.

आता विजेचा हिशेब. प्रत्येकी ७५ वॅटच्या चार चॅनल म्हणजे ३०० वॅट. एबी वर्ग या पारंपरिक रचनेचा अँप्लिफायर निम्मी वीज उष्णतेत घालवतो असे धरले, तर पूर्ण भाराला ४० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. ८० टक्के कार्यक्षमतेच्या डी वर्गाला, म्हणजे कमी तापणाऱ्या रचनेला, साधारण २६. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार धरली, तर ४० अँपिअरला ८ गेजच्या तांब्याच्या तारेत ०.४ व्होल्ट गळतात, ४ गेजमध्ये ०.१६ (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). स्वस्त किटमधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तीत गळती आणखी वाढते. तारेचे टोक चाकूने खरवडून आत पांढरा धातू दिसतो का, एवढे दुकानातच पाहावे.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो अँप्लिफायर वाचवण्यासाठी नाही, तार वाचवण्यासाठी आहे. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकातून तार रबरी ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्याशिवाय) नेली, तर धक्क्यांनी तिचे आवरण घासले जाते. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह असल्याने तार पत्र्याला टेकली की शॉर्ट होते, आणि फ्यूज नसेल तर आग लागते. अर्थिंगची तार पॉझिटिव्ह तारेइतकीच जाड, शक्य तितकी आखूड असावी. रंग पॉलिश पेपरने घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने घट्ट आवळावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. आरसीए तारा (स्टिरिओकडून अँप्लिफायरकडे ध्वनिसंकेत नेणाऱ्या) आणि विजेची तार गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात. कंपनीचा स्टिरिओ कायम ठेवायचा असेल, तर हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्टिरिओच्या स्पीकर-तारांवरूनच संकेत घेणारा अँप्लिफायर घ्यावा आणि मूळ वायरिंग न कापता कपलर (मध्ये बसणारा जोडणी-प्लग) वापरावा. कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीचे वाद होतात. सीटखाली बसवल्यास पावसाळ्यात ओल्या मॅटचे पाणी पोचणार नाही इतकी उंची ठेवावी, वर हवेला जागा सोडावी.

‘गेन’ची कळ म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या संकेताशी जुळवून घेण्यासाठी ती असते. स्पीकर काढून ठेवावेत, बास-ट्रेबल शून्यावर आणावेत, स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून १ किलोहर्ट्झचा चाचणी-सूर लावावा आणि मल्टिमीटरवर एसी व्होल्ट पाहावेत. ४ ओहमवर ७५ वॅटसाठी १७.३ व्होल्ट दिसले की थांबावे. दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्यावरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) आणि सबवूफरला तिथेच लो-पास (त्याखालचेच सूर जाऊ देणारा) लावला की दारे थरथरणे कमी होते.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतो. फिल्टर विकत घेण्याआधी तो बोल्ट उघडून पाहावा. बासच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील, तर आधी बॅटरी, तिची टोके आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी भरणारा जनित्र) तपासावा. विद्युत मोटारीत अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरमार्फत भरली जाते, म्हणून त्या कन्व्हर्टरची क्षमता पाहूनच अँप्लिफायर ठरवावा, आणि तार ओढताना नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या केबलना हात लावू नये.