आईवडिलांचे दुकान आणि मामाचे काम

२००७ साली पैशांच्या अडचणीतल्या दोन भावांच्या गुन्ह्यावर दोन इंग्रजी चित्रपट आले आणि तेव्हापासून एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगितली जाते. सिडनी ल्युमेट यांचा 'बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड' बहुतेकांनी पाहिलेला असतो: अँडी आणि हँक आईवडिलांचेच दागिन्यांचे दुकान लुटवतात, आणि नेमकी त्या दिवशी गल्ल्यामागे आई असते. वुडी ॲलन यांचा 'कॅसँड्राज ड्रीम' लंडनमध्ये घडतो. ल्युमेट काळ मागेपुढे करतात, ॲलन सरळ क्रमाने जातात. पण तो फरक वरवरचा आहे. (पुढे दोन्ही शेवट उघड केले आहेत.)

खरी गफलत होते ती 'दोन्ही अपराधभावनेचे चित्रपट' या शेऱ्यात. अँडीच्या हिशेबी या चोरीत कोणाचेच नुकसान नसते, कारण विमा भरपाई देणार असतो. आईचा मृत्यू त्याने योजलेला नाही, आणि तो घडल्यावरही त्याला पोखरते ते त्याहून जुने दुखणे: बापाने आपल्याला कधी जवळ केले नाही. अंत्यविधीनंतर गाडीत तो ढसाढसा रडतो, तेही बापावरूनच. बायको सोडून गेल्यावर मात्र तो आदळआपट करत नाही. वाडग्यातले शोभेचे खडे टेबलावर सावकाश ओततो. अँडी साकारणाऱ्या फिलिप सीमोर हॉफमन यांच्या या एका कृतीसाठी मी हा चित्रपट वरचा मानतो. अखेर इस्पितळात त्याच्या तोंडावर उशी दाबतो तो बापच.

'कॅसँड्राज ड्रीम'मधल्या इयन आणि टेरी या भावांना मात्र माणूस मारायला सांगितले जाते, आणि सांगणारा असतो मामा. त्याला 'काका' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण हॉवर्ड आईचा भाऊ आहे आणि त्याच्या श्रीमंतीचे गोडवे गाऊन नवऱ्याला खिजवणाऱ्या आईच्या घरात त्याच्या शब्दाला वजन आहे. भर पावसात झाडाखाली उभा राहून तो भाच्यांकडे खून मागतो, आणि तोही रक्ताच्या नात्याचा हवाला देऊन. खून ठरल्याप्रमाणे पार पडतो. इयन पुढच्या बेतांना लागतो. टेरीची झोप उडते आणि तो पोलिसांकडे जायचे म्हणू लागतो. अपराधभावना आहे ती इथे, आणि तीही दोघांपैकी एकाला. दुसरा, म्हणजे इयन, त्याला बिअरमधून विष द्यायचे ठरवतो, पण बोटीवर त्याचा हात धजत नाही आणि झटापटीत मरतो तो स्वतःच.