खुणांना ‘भाषा’ म्हणायला इतका उशीर का झाला?

आपल्याकडे ‘भाषा’ हा शब्दच ‘भाष्’ म्हणजे बोलणे या धातूपासून आला. बोली, वाणी, वाचा, सगळे शब्द तोंडाला बांधलेले. त्यामुळे कुणी हातांनी आणि चेहऱ्याने संबंध वाक्यं मांडत असलं तरी आपण ‘खाणाखुणा’ म्हणतो आणि पुढे निघतो. सरकारी कागदांतला ‘सांकेतिक भाषा’ हा शब्दही फारसा मदतीला येत नाही, तो ऐकून गुप्तहेरांचं काहीतरी प्रकरण असावं असं वाटतं. भारतीय सांकेतिक भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा द्या, ही कर्णबधिरांची मागणी जुनी आहे. ती निघाली की एक प्रश्न हमखास येतो: खुणांना कसली आलीय अनुसूची? या प्रश्नाला इतिहास आहे. त्याचं गाव आणि महिनाही सांगता येतो: मिलान, सप्टेंबर १८८०.

त्याआधीची शंभरेक वर्षं बरी गेली होती. अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास, पॅरिसमध्ये द लेपे नावाच्या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. शहरातले कर्णबधिर आपसात ज्या खुणा वापरत होते त्या तो आधी स्वतः शिकला आणि मग त्यांच्या आधारे फ्रेंच शिकवू लागला. त्याच शाळेत शिकलेला लोराँ क्लेर हा कर्णबधिर शिक्षक पुढे अमेरिकेला गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्डची शाळा उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. म्हणून अमेरिकी सांकेतिक भाषेचं नातं फ्रेंच खुणांशी आहे, ब्रिटिश खुणांशी नाही. लंडनचा आणि न्यूयॉर्कचा माणूस इंग्रजीत मजेत गप्पा मारतील, पण त्याच दोन शहरांतले कर्णबधिर समोरासमोर आले तर अडखळतील. खुणा जगभर सारख्याच असतात, असं मानणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मिलानला भरली होती कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद. १६४ प्रतिनिधी, त्यांत कर्णबधिर फक्त एक. ठराव झाला की उच्चारित भाषा खुणांहून श्रेष्ठ, म्हणून शिक्षण तोंडी पद्धतीनेच द्यावं. अमेरिकी मंडळींचा विरोध होता, तो बहुमतापुढे टिकला नाही. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल तोंडी पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर होत्या, हे इथे सांगितलं पाहिजे. मग शाळाशाळांतून कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हात हलवला म्हणून मुलांना पट्टी बसायची, कुठे हात मांडीखाली दाबून बसायला लावायचे.

ओठ बघून बोलणं समजून घेणं म्हणजे काय, याचा अनुभव घरच्या घरी घेता येतो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पात’, ‘बात’, ‘भात’ आणि ‘मात’ म्हणून बघा. चारही वेळा ओठ तेच करतात. ज्याला भाषा आधीपासून येते तो संदर्भावरून अंदाज बांधतो. ज्या मुलाला अजून कुठलीच भाषा मिळालेली नाही, त्याने कशाच्या जोरावर अंदाज बांधायचा? त्याचं निम्मं बालपण ‘प’ चा उच्चार घोटण्यात जायचं, आणि भूगोल, गणित, गोष्टी मागे पडायच्या.

भारतातली पहिली कर्णबधिरांची शाळा मुंबईत निघाली तीही १८८० च्याच दशकात, लिओ म्युरिन या कॅथलिक बिशपांच्या पुढाकाराने. १८९३ मध्ये कोलकात्याची शाळा आली. वारं तोंडी पद्धतीचं होतं आणि आपल्याकडच्या बहुतेक शाळा पुढे त्याच दिशेने गेल्या. वर्गात ओष्ठवाचन आणि वाचा-प्रशिक्षण चालायचं, पण सुट्टीत, मैदानावर, वसतिगृहात हात मोकळे व्हायचे. मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची. भाषा पिढ्यान्‌पिढ्या अशीच टिकली, शिक्षकांची पाठ वळल्यावर.

हे आपल्याच देशात घडलं असं नाही. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिरांचा समाज असा नव्हताच, प्रत्येक मूल आपापल्या घरात एकटं. मग राजधानी मानाग्वात शाळा सुरू झाल्या. शिक्षक स्पॅनिश ओठ वाचायला शिकवत होते, फारसं काही साधत नव्हतं. मुलांनी मात्र पटांगणात आणि बसमध्ये घरोघरच्या खुणा एकत्र आणल्या आणि त्यांतून नवी भाषा उभी राहिली. १९८६ मध्ये जूडी केगल या भाषातज्ज्ञ तिथे पोचल्या तेव्हा लहान मुलांच्या हातांत मोठ्यांपेक्षा जास्त घट्ट व्याकरण दिसत होतं.

एव्हाना विल्यम स्टोकी यांचं काम होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या ऐकणाऱ्या प्राध्यापकाने १९६० मध्ये दाखवून दिलं की खूण म्हणजे हवेत काढलेलं चित्र नव्हे, तिचे सुटे घटक पाडता येतात: हाताचा आकार, जागा, हालचाल. अमेरिकी खुणांमध्ये ‘उन्हाळा’, ‘कुरूप’ आणि ‘कोरडं’ यांत हात आणि हालचाल तीच, जागा वेगळी. कपाळापाशी उन्हाळा, नाकापाशी कुरूप, हनुवटीपाशी कोरडं. आपल्या ‘काळ’ आणि ‘गाळ’ मध्ये एका व्यंजनाचा फरक पडतो, तसाच हा.

भारतात हे काम १९७७ पासून सुरू झालं. अकराव्या वर्षी श्रवणशक्ती गेलेले आणि पुढे गॅलोडेटला शिकलेले मदन वशिष्ठ, आणि त्यांचे सहकारी जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरच्या खुणा गोळा केल्या. भारतात सांकेतिक भाषाच नाही, असं त्या काळात शाळा चालवणारेच सांगत. नंतर उलरिके त्सेशान यांनी दिल्ली आणि कराचीतल्या खुणांचा अभ्यास केला आणि दोन्हीकडचं व्याकरण एकच असल्याचं मांडलं. फाळणीने लिपी, पाठ्यपुस्तकं, झेंडे वेगळे केले, याला हात लावला नाही.

हे व्याकरण मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी तर नाहीच. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. ‘तुझं नाव काय?’ इथे आपलं जमून जातं, पण ‘तू कुठे चाललास?’ हे ‘तू जाणं कुठे’ असं होतं. नकारही शेवटीच. ‘हो की नाही’ छापाचा प्रश्न असेल तर वेगळी खूण नसते, भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. बाईसाठी तर्जनी नाकपुडीच्या बाजूला टेकते, जिथे चमकी असते. पुरुषासाठी मिशी. काही शिक्षक मराठी वाक्य बोलत शब्दागणिक एकेक खूण करतात. ते हातांवर मांडलेलं मराठी असतं, आणि मुलांना ते कंटाळवाणं वाटतं असं मला वाटतं.

सरकारदरबारी गोष्टी सावकाश सरकल्या. वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३, नाव महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचं) २००१ पासून ही भाषा शिकवली जाऊ लागली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले, आणि त्यांच्या भाषेसाठीचं राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्वतंत्रपणे उभं राहिलं ते २०१५ मध्ये. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३ हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये १० हजारांचा झाला. त्याच वर्षी शाळेत भाषाविषय म्हणून तिला मान्यता मिळाली. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतून खेद व्यक्त झाला होता २०१० मध्ये, व्हँकूवरला. १३० वर्षांनी!

आता ऐकणारेही वर्गांना जाऊ लागलेत. शिकवणारे पुष्कळदा स्वतः कर्णबधिर असतात आणि वर्गात तोंड उघडायचं नसतं. हात दोन-चार आठवड्यांत वळायला लागतात, घोडं अडतं ते चेहऱ्यापाशी. चारचौघांत भुवया उंचावायची, गाल फुगवायची आपल्याला सवय नसते, आणि इथे तर भुवई विसरली की प्रश्नाचं विधान होतं. आपलं खुणेचं नावही स्वतः ठरवायचं नसतं. गालावरचा तीळ, कुरळे केस, चष्मा सारखा वर ढकलायची सवय, असं काहीतरी हेरून ते कर्णबधिर मंडळी देतात, आणि कधी कधी ते मुळीच आवडत नाही.