गणनमर्यादा आणि प्रतिमानांचे सुलभीकरण

निसर्गाचे नियम समीकरणांत मांडता आले, तरी ती समीकरणे हाती असलेल्या वेळेत सोडवता येतीलच असे नाही. अशा वेळी काही घटक जाणूनबुजून वगळून प्रतिमान सोपे केले जाते, आणि त्यातून मिळालेले ज्ञान कितपत विश्वासार्ह मानावे हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न ठरतो. हवामानाच्या अंदाजात तो ठळकपणे दिसतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० च्या नोंदींवरून मध्य युरोपातील वायुदाबात सहा तासांत होणारा बदल हाताने काढला आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर आले १४५ मिलिबारच्या वाढीचे. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. मूळ समीकरणे चुकीची नव्हती, पण वारा व दाब यांच्या नोंदींचा परस्पर मेळ नसल्याने, हवामानाच्या दृष्टीने नगण्य असलेल्या वेगवान लहरींचा गोंधळ हिशेबात शिरला होता. शिवाय अशा लहरी धरायच्या तर हिशेबातील काळाचे टप्पे फार बारीक ठेवावे लागतात. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी यांनी १९४८ मध्ये त्या लहरी समीकरणांतूनच गाळल्या. १९५० मध्ये एनिअ‍ॅक या संगणकावर वातावरणाचा एकच थर आणि ७३६ किलोमीटर अंतराची जाळी, म्हणजे हिशेब ज्या बिंदूंवर करायचा त्यांची मांडणी, घेऊन केलेले अंदाज बरेच जमले, मात्र २४ तासांच्या अंदाजाला जवळपास तेवढाच वेळ लागला.

विज्ञानाचे तत्त्वज्ञ मायकल वाइसबर्ग यांनी २००७ मध्ये साधनांची ऐपत वाढताच मागे घ्यायची तडजोड आणि निर्णायक कारणेच तेवढी ठेवणारी मांडणी यांत भेद केला. चार्नी यांचे गाळणे एकाच वेळी दोन्ही होते: यंत्राला पेलावे म्हणून केलेल्या काटछाटीनेच मोठ्या प्रदेशावरचे हवामान कशावर चालते हे उलगडले. म्हणून हा भेद उपयुक्त असला, तरी काटेकोर मानता येत नाही.

जाळीतील अंतर निम्मे केले की आडव्या दिशेने बिंदू चौपट होतात, काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, आणि काम सुमारे आठपट वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या हवामान अंदाजाच्या प्रणालीमुळे २०२५ मध्ये हे अंतर १२ वरून ६ किलोमीटरवर आले. महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळत असताना सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो; बारा किलोमीटरच्या जाळीत या दोन गावांमध्ये जेमतेम दोन चौकटी बसत. सहा किलोमीटरच्या चौकटीतही एकेका ढगातील हवेची उसळी पकडता येत नाही. तिचा एकंदर परिणाम सरासरीच्या सूत्राने घातला जातो व त्यातील काही अंक निरीक्षणांशी जुळवून घेतले जातात, त्यामुळे अंदाज चुकला तर दोष सूत्राचा, अंकांचा की जाळीचा हे वेगळे काढणे फार कठीण होते.