फवारणीचं विष शिरतं कुठून?

मोहोर फुटायला लागला की देवगड, राजापूर, रत्नागिरीच्या आंब्याच्या कलमांच्या बागांत मोठ्या दाबाने फवारणाऱ्या एचटीपी पंपांची घरघर सुरू होते. फवारणाऱ्या गड्याच्या नाकावर रुमाल घट्ट बांधलेला असतो. खाली हाफपँट, उघड्या पोटऱ्या, कोपरापर्यंत भिजलेले हात. औषध नाकातून आत जातं, नाक बांधलं की झालं, हा समज वर्षानुवर्षं घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

पंपाच्या गनमधून उडणारे बहुतेक थेंब शंभर मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे असतात. एवढा थेंब फुप्फुसापर्यंत पोचत नाही. नाकात शिरलाच तर तिथे किंवा घशात चिकटतो आणि कफाबरोबर गिळला जातो, म्हणजे श्वासातून आलेलं औषधही शेवटी पोटात जातं. बाकी माणसाकडे जे येतं ते अंगावर पडतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९५०च्या दशकात सफरचंदाच्या बागांत फवारणाऱ्या मजुरांच्या अंगावर शोषक कागदाचे तुकडे चिकटवून हे मोजलं गेलं. श्वासातून जेवढं औषध आत गेलं, त्याच्या कितीतरी पट कातडीवर पडलेलं आढळलं. सफरचंद असो की हापूस, फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच अंगावर परत यायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

पण सगळ्यात मोठा डोस बऱ्याचदा फवारताना मिळत नाही. तो मिळतो पिंपाशी, औषध मोजताना. तुडतुड्यांसाठी लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही १० लिटरला ६ मिलि वापरतात, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला १२० मिलि. बाटलीतलं औषध पिंपातल्या पाण्यापेक्षा सुमारे १,६७० पट तीव्र झालं. झाकणातून ओतताना एक मिलि बोटांवरून ओघळलं, तर जेवढं विष जवळजवळ पावणेदोन लिटर फवाऱ्यात असतं तेवढं एका हातावर आलं. दिवसभर फवाऱ्याखाली उभा असलेला माणूस आणि सकाळी पाच मिनिटं औषध कालवणारा माणूस यांत दुसऱ्याकडे आधी बघायला हवं, ते यासाठी.

आता कातडीकडे येऊ. आपली कातडी पाणी अडवते म्हणून ती रेनकोटासारखी वाटते. अडवण्याचं खरं काम मात्र सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर करतो, आणि तो बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड असतो, वहीच्या कागदापेक्षाही पातळ. चिऱ्याची भिंत डोळ्यांपुढे आणा. चपट्या मेलेल्या पेशी हे चिरे, आणि त्यांच्यामधला गिलावा सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं अशा चरबीचा. पाण्याला या चरबीत वाट मिळत नाही. तेलात विरघळणाऱ्या पदार्थाला मिळते. तो चिऱ्यांना वळसे घालत गिलाव्यातून खाली झिरपतो. किती वेगाने झिरपणार, ते वर किती तीव्र द्रावण आहे आणि खाली किती कमी आहे, या फरकावर ठरतं. वरची तीव्रता हजारपट झाली की झिरपणंही त्याच प्रमाणात वाढतं, निदान गिलावा शाबूत असेपर्यंत. इथे तोही शाबूत राहत नाही. प्रवाही कीटकनाशकात औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं आणि सोबत ते तेल पाण्यात बारीक थेंबांत फोडणारा साबणासारखा घटक असतो. पाण्यात ओतताच ते दुधासारखं पांढरं होतं ते त्यामुळेच. नुसत्या हातावर पडलं तर तोच द्रावक गिलाव्यातली चरबी सैल करतो. आणखी एक गोष्ट. गिलाव्यात मुरलेलं औषध तिथेच साठून राहतं आणि वरून धुतल्यावरही तासन्‌तास खाली उतरत राहतं. संध्याकाळच्या आंघोळीने सकाळचं औषध निघत नाही. धुवायचं ते सांडल्याच्या क्षणी.

कातडीही सगळीकडे सारखी नाही. हॉवर्ड मायबाख आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली किरणोत्सर्गी खूण लावलेलं पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावून लघवीतून किती बाहेर पडतं ते मोजलं. आतल्या बाजूच्या कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२, कपाळातून ३६, काखेतून ६४, आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. पॅराथिऑनवर आता आपल्याकडे बंदी आहे, प्रत्येक औषधाचे आकडे वेगळे असतात, पण जागांचा नकाशा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ओली नळी मांड्यांमधून ओढणं, गळक्या पाठपंपाने कंबर भिजणं, औषधाच्या हाताने कपाळाचा घाम पुसणं, औषधाच्या हातानेच लघवीला जाणं. लघवीच्या आधी हात धुवा, नंतर तर धुवाच.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं (वरचं लॅम्बडा सायहॅलोथ्रीन त्यातलंच) रक्तात फार जात नाहीत, ती कातडीतच अडकतात आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतात. तंतू विनाकारण संदेश पाठवत राहतो आणि तोंड चुणचुणतं, उन्हात जास्तच. हे साधारण दिवसभरात उतरतं, पण औषध कातडीत शिरल्याची ती रोकडी खूण आहे. ऑर्गेनोफॉस्फेट औषधं (पॅराथिऑन याच गटातलं) बहुधा अशी खूणही देत नाहीत. चुपचाप आत जातात.

हातमोजे नायट्रिलचे, जाड आणि लांब मनगटाचे घ्या. दवाखान्यातले पातळ मोजे इथे कुचकामी आहेत. फवारा वर मारायचा असल्याने शर्टाची बाही मोज्याच्या आत खोचा आणि मोज्याची कड बाहेर दुमडून पन्हळासारखी ठेवा, म्हणजे ओघळ कोपराकडे न जाता तिथेच थांबेल. जमिनीकडे फवारताना उलट, बाही मोज्यावरून. काढण्याआधी मोजे हातातच असताना बाहेरून साबणाने धुवा. आतून औषध लागलेला मोजा मोजा नसण्यापेक्षा वाईट, कारण घामाने फुगलेल्या कातडीत औषध आणखी लवकर मुरतं.

आणि तंबाखू. पिंप ढवळून झालं, हात पँटला पुसले, पुडी निघाली, तळहातावर चुना, अंगठ्याने दोन मिनिटं मळणं, चिमूट गालात. तळहातावर जे काही होतं ते त्या चिमटीत आलं. गालाच्या आतल्या अस्तराला तो चिऱ्याचा थर जवळजवळ नसतोच, आणि तिथून शोषलेलं रक्तात जाताना आधी यकृतातून जात नाही. हृदयरोग्याला गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याच वाटेचा फायदा घेण्यासाठी. विषाला ही वाट मोकळी करून देऊ नका. विडी, भाकरी, पेज, सगळ्याला हेच लागू.

तुंबलेला नोझल तोंडाने फुंकणं ही तर थेट गिळण्याची तयारी. तुंबतो तो बहुतेकदा भुरी या बुरशीच्या रोगासाठी घातलेल्या गंधकाच्या गुठळ्यांनी. गंधक आधी छोट्या बालदीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखं करा, मग गाळून पिंपात घाला. तरी तुंबला तर पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा किंवा माडाच्या झावळीचा हीर घाला. तारेने भोक मोठं होतं आणि थेंब बिघडतात. उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय घराघरांत आहे. पोरं तेच उचलून पितात.

फवारणीनंतर दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की विष उतरतं, असं आजही सांगितलं जातं. दुधात किंवा गुळात असा कुठलाही गुण नाही. दूध प्यायच्या भरवशावर मोजे खुंटीला राहतात, म्हणून हा समज निरुपद्रवी म्हणता येत नाही. बाटलीवरचा हिरवा त्रिकोणही 'बिनविषारी'ची खूण नव्हे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा फक्त कमी-जास्त विषारीचा क्रम आहे.

अंगावर सांडलं तर आधी कपडे काढा, मग भरपूर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. गरम पाणी नको, काथ्याने किंवा दगडाने घासणंही नको, त्याने गिलावाच खरवडला जातो. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका आणि वहाळात धुऊ नका, पायरेथ्रॉइडने मासे आणि कोळंबी मरतात. कुणी औषध गिळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. तेलकट द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात उतरला तर दुहेरी घात. सरळ दवाखाना गाठा आणि बाटली लेबलासकट सोबत न्या. ऑर्गेनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइडला असा खास उतारा नाही, लक्षणांवर उपचार करतात. कुठलं औषध होतं हे डॉक्टरांना त्या लेबलावरूनच कळणार.