असिर्टिको : सँटोरिनीच्या राखेत रुजलेले द्राक्ष

असिर्टिकोचा पहिला घोट घेतला की बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, एवढ्या कडक उन्हातल्या बेटावरची पांढरी वाइन इतकी आंबटसर कशी?

सँटोरिनी हे एजियन समुद्रातले ग्रीसचे बेट. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि जमिनीवर राख व प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे जाड थर साचले. या जमिनीत चिकणमाती जवळपास नाहीच. त्यामुळे १९व्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड इथे टिकली नाही. जगात बहुतेक ठिकाणी आता कीड सोसणाऱ्या खुंटावर कलम करावे लागते. सँटोरिनीची वेल मात्र स्वतःच्या मुळांवर वाढते.

आणि वाढते तीही ना मंडपावर, ना तारांवर. वारा इतका जोराचा, की शेतकरी काड्या गोल गुंफत जमिनीलगत टोपलीच विणतात. तिला कुलूरा म्हणतात. घड टोपलीच्या आत, वारा आणि उडती वाळू बाहेर. वर पानांची सावली. अनेक दशकांनी ही टोपली थकली, की ती कापून टाकतात आणि त्याच जुन्या मुळांतून नवी वेल फुटते. आमच्या मते या बेटावरचे सर्वांत मोलाचे धन म्हणजे ही मुळे.

उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा प्युमिस धरून ठेवतो, त्यावर वेल तगते. उत्पन्न अर्थातच थोडे. पण पूर्ण पिकून साखर भरली तरी असिर्टिकोमधले आम्ल फारसे उतरत नाही. तुम्हाला जाणवतो तो हाच आंबटपणा. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांच्या विनसांतो या गोड वाइनलाही तोच सावरतो. ती किमान २ वर्षे ओकच्या पिंपात मुरते.

हे द्राक्ष आता उत्तर ग्रीस, क्रीट आणि ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातही लावतात. तिथल्या वाइन चांगल्या असतात, पण ज्वालामुखीच्या जमिनीतली हवी असेल तर लेबलावर ‘सँटोरिनी’ हे नाव पाहून घ्या. १९७१पासून ते कायद्याने संरक्षित आहे.

बाटली बर्फागार करू नका, चव दबते. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरे. भाजलेला मासा किंवा ऑक्टोपस सोबत उत्तम. एखादी बाटली काही वर्षे राखून ठेवा, मधाची छटा येते.